किल्ली हाती दिली, तर दार उघडणारच

परीकथांच्या स्त्रीवादी आणि गॉथिक पुनर्कथनांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी निवडली आहेत. काही पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे. नावे नेहमीच्या रीतीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : लाल टोपीतल्या मुलीचे सुंदर चित्र मुखपृष्ठावर पाहून मी एक पुस्तक विकत घेतले. आत मात्र रक्त, वासना आणि प्रेते होती. ज्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली, त्या मूळ स्वरूपात का राहू दिल्या जात नाहीत? निरागस कथांची ही विटंबना नाही का?

उत्तर : आपल्याला बसलेला धक्का मी कमी लेखत नाही. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत ती सांगणाऱ्याचा आवाज आणि अंथरुणाची ऊबही मुरलेली असते, त्यामुळे तिला कुणी हात लावला की आपल्या आठवणींनाच हात लावल्यासारखे वाटते. मात्र ‘मूळ स्वरूप’ या शब्दांपाशी मला थांबावे लागते, कारण या कथांचे मूळ शोधत जितके मागे जावे, तितकी त्यांची निरागसता विरत जाते.

लाल टोपीचीच गोष्ट घ्या. शार्ल पेरो यांनी १६९७ साली ती फ्रेंचमध्ये छापली, तेव्हा तिच्यात शिकारी नव्हता. लांडगा मुलीला अंथरुणात बोलावतो, खाऊन टाकतो आणि गोष्ट तिथेच संपते. त्याखाली पद्यात तात्पर्य दिलेले आहे, की गोड बोलणारे, माणसाळलेले लांडगे सर्वांत घातक असतात, तेव्हा तरुण मुलींनी सावध असावे. मुलीला लांडग्याच्या पोटातून जिवंत बाहेर काढणारा शिकारी आला तो जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहात. या दोन्हींहून वेगळी अशी एक कथा फ्रान्सच्या निएव्र भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंडी परंपरेतून टिपून घेतली गेली आणि तिच्यात तर लाल टोपीच नाही. त्या कथेत मुलीसमोर दोन वाटा येतात, एक सुयांची आणि एक टाचण्यांची. लांडगा आजीला मारून तिचे मांस फडताळात आणि रक्त बाटलीत ठेवतो, आणि मुलगी नकळत ते खाते, पिते. पण पुढे हीच मुलगी लघुशंकेचे निमित्त काढून बाहेर जाते, लांडग्याने पायाला बांधलेली दोरी अंगणातल्या झाडाला बांधते आणि घर गाठते. तिला सोडवायला कुणी येत नाही आणि तशी गरजही पडत नाही. आज जिला आपण स्त्रीवादी फेरफार म्हणू, ती चतुर मुलगी खेड्यातल्या कथेत होतीच. छापील पुस्तकांनी तिला आधी बळी केले आणि मग शिकाऱ्याच्या उपकारांत ठेवले.

झोपी गेलेल्या राजकन्येचेही तसेच आहे. नेपल्सच्या जांबात्तिस्ता बासिले यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातली तालिया झोपेत असतानाच एक राजा तिचा उपभोग घेऊन निघून जातो, ती झोपेतच जुळ्यांना जन्म देते, आणि त्यांपैकी एक बाळ तिचे बोट चोखताना बोटात रुतलेली कुसळ निघाल्यामुळे ती जागी होते. चुंबनाने जागी होणारी राजकन्या ही या प्रसंगाची नंतर कुणीतरी केलेली डागडुजी आहे. ग्रिम बंधूंनी स्वतःच्या संग्रहालाही १८५७ पर्यंत सात आवृत्त्यांतून हात लावला. पहिल्या आवृत्तीतली, मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले आहेत असे चेटकिणीला भाबडेपणाने विचारते, आणि तिला दिवस गेल्याचे त्यातून कळते. पुढच्या आवृत्त्यांत तिने आपल्या केसांना धरून वर चढणाऱ्या राजपुत्राच्या वजनाचा उल्लेख केल्यामुळे गुपित फुटते, अशी सोज्वळ दुरुस्ती झाली.

ज्या निरागस कथा आपण जपून ठेवल्या, त्या कुणीतरी विशिष्ट वाचक डोळ्यांसमोर ठेवून निरागस केलेल्या आहेत. पुनर्कथन करणाऱ्या लेखिका तेच काम करतात, फक्त त्यांचा वाचक वेगळा असतो. पुस्तक मोठ्यांसाठी आहे हे मुखपृष्ठावरून कळायला हवे होते, ही आपली तक्रार मात्र मला पूर्णपणे मान्य आहे.

प्रश्न : ‘गॉथिक’ म्हणजे भयकथाच ना? मग वेगळा शब्द कशाला?

उत्तर : भयकथा हे मोठे घराणे मानले, तर गॉथिक ही त्यातली वेगळ्या स्वभावाची शाखा म्हणता येईल. होरेस वॉलपोल यांच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ या कादंबरीपासून तिची गणना करण्याची पद्धत आहे, पण तिला स्त्रीच्या अनुभवाकडे वळवले ते अ‍ॅन रॅडक्लिफ यांनी. त्यांच्या १७९४ सालच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’मध्ये एक अनाथ तरुणी पालक म्हणवणाऱ्या पुरुषाच्या किल्ल्यात अडकते, आणि तिथली प्रत्येक भिंत, प्रत्येक पडदा काहीतरी लपवत असल्यासारखा भासतो. रॅडक्लिफ यांनी भीतीचे दोन प्रकार मानले होते. एक प्रकार मनाला ताणतो, जागे करतो. दुसरा मनाला गोठवून टाकतो. गॉथिक लेखनाचा जीव पहिल्या प्रकारात आहे.

या प्रकारात भीती घरातच असते. ज्या वास्तूने संरक्षण द्यायचे, तीच कोंडून घालते, आणि ज्या पुरुषाच्या हाती घर सोपवलेले असते, त्याच्याकडेच एका खोलीचे न सांगण्याजोगे कारण असते. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’ या १८४७ सालच्या कादंबरीत नायिका मालकाच्या घरातला वरच्या मजल्यावरचा अंधारा बोळ पाहते, तेव्हा तिला निळ्या दाढीवाल्याचा किल्ला आठवतो. ती कथा कोणती, हे पुढच्या उत्तरात येईलच. स्त्रियांनी लिहिलेल्या या परंपरेला एलेन मोअर्स या समीक्षिकेने १९७६ साली ‘फीमेल गॉथिक’ असे नाव दिले.

परीकथा आणि गॉथिक यांचे जमते, त्यामागे मला एक साधे कारण दिसते. परीकथेत क्रियापदे भरपूर असतात, पण मन जवळजवळ नसते. ‘तिने दार उघडले’ एवढेच परीकथा सांगते. गॉथिक लेखिका त्या दाराशी उभी राहते, कडीचा गारवा हाताला जाणवू देते, आणि उघडावे की नाही या घालमेलीत वाचकाला आपल्याबरोबर थांबवते.

प्रश्न : निळ्या दाढीच्या माणसाची कथा सर्वाधिक वेळा नव्याने लिहिली गेली असे वाचले. आमच्या लहानपणीच्या पुस्तकांत ती नव्हती. ती सांगाल का, आणि लेखिकांना तिचे एवढे आकर्षण का, हेही सांगाल का?

उत्तर : मुलांच्या बऱ्याच संग्रहांतून ही कथा वगळली जाते, त्यामुळे ती आपल्या वाचनात न येणे स्वाभाविक आहे. ग्रिम बंधूंनीही ती १८१२ च्या आवृत्तीत घेऊन नंतर काढून टाकली.

पेरोंच्या १६९७ च्या पुस्तकात ती अशी आहे. एका अतिश्रीमंत माणसाची दाढी निळी असते, त्यामुळे बायका त्याला भितात. शिवाय त्याच्या आधीच्या बायकांचे काय झाले, हे कुणालाच ठाऊक नसते. त्याच्या वैभवाला भुलून शेजारच्या बाईची धाकटी मुलगी त्याच्याशी लग्न करते. महिन्याभराने तो प्रवासाला निघतो, घरातल्या सगळ्या किल्ल्या तिच्या हाती देतो, आणि एक छोटी किल्ली दाखवून बजावतो की त्या खोलीत तेवढे जायचे नाही. ती जाते. जमिनीवर साकळलेले रक्त आणि भिंतीशी मारलेल्या बायकांची प्रेते पाहून तिच्या हातातली किल्ली खाली पडते आणि रक्ताने माखते. किल्ली मंतरलेली असल्याने एका बाजूने डाग घासला की तो दुसऱ्या बाजूला उमटतो. नवरा परततो, डाग पाहतो आणि तिला मारायला निघतो. ती प्रार्थनेसाठी वेळ मागून घेते, बहिणीला बुरुजावर पाठवते, आणि ऐन वेळी तिचे दोन भाऊ येऊन त्याला ठार करतात.

एवढ्या हत्याकांडानंतर पेरो जे तात्पर्य देतात, ते असे, की बायकांच्या कुतूहलाची किंमत फार मोठी असते. खून करणाऱ्याविषयी त्या तात्पर्यात एक अक्षर नाही. दुसरे एक तात्पर्य जोडून ते वाचकाला धीरही देतात, की असे नवरे जुन्या काळी होते, आता नाहीत.

लेखिका या कथेकडे पुन्हा पुन्हा जातात त्या या तात्पर्यामुळे. कथा काही सांगते आणि तात्पर्य भलतेच काही सांगते. किल्ली दिली नसती, तर खोली उघडली गेली नसती. ज्याला खोली खरोखर लपवायची असेल तो किल्ली खिशात घेऊन प्रवासाला जाईल. हा माणूस ती हातात ठेवतो, नेमके दार दाखवतो आणि मग निघून जातो. मनाई हाच सापळा आहे. बायकोने आज्ञा मोडावी, म्हणजे तिला मारण्याचे कारण मिळावे, ही त्याची योजना आहे. आणखी एक प्रश्न या कथेच्या वाचकांना फार काळ छळत आला आहे: पहिल्या बायकोने दार उघडले, तेव्हा खोलीत काय होते?

इंग्रज लेखिका अँजेला कार्टर यांनी १९७७ साली पेरोंच्या कथांचा इंग्रजी अनुवाद केला आणि दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, ‘द ब्लडी चेंबर’ हा दहा कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातली शीर्षककथा ही निळ्या दाढीचीच आहे. येथे कथा सांगते ती बायको स्वतः, सतरा वर्षांची, गरीब घरातली, पियानो वाजवणारी मुलगी. तिचा नवरा वयाने बराच मोठा, धनाढ्य सरदार असून त्याचा किल्ला भरतीच्या वेळी जमिनीपासून तुटणाऱ्या ठिकाणी उभा आहे. लग्नाची भेट म्हणून तो तिला माणकांचा गळाबंद हार देतो, आणि तो हार गळ्यावरच्या जखमेसारखा दिसतो. कार्टर यांचे धाडस असे की त्या या मुलीला निव्वळ बळी ठरवत नाहीत. तिला वैभव आवडते. आरशात त्याच्या नजरेने स्वतःला पाहताना तिला स्वतःच्याच अंगात काहीतरी बिघडण्याची शक्यता जाणवते आणि ती दचकते. भीती आणि ओढ यांची ही गुंफण पेरोंच्या कथेत शक्यच नव्हती, कारण तिथे मुलीला मन दिलेलेच नव्हते.

शेवटी मदत येते, ती भावांकडून नव्हे. मुलगी फोनवर न्हाणीघरातल्या सोन्याच्या नळांबद्दल बोलता बोलता रडते, आणि सुखी मुलगी सोन्याच्या नळांपायी रडत नाही हे आईला तेवढ्यावरून उमगते. तरुणपणी नरभक्षक वाघ मारलेली ही आई घोड्यावरून दौडत येते आणि मृत नवऱ्याच्या पिस्तुलाने जावयाला गोळी घालते. परीकथेतल्या आया गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेल्या असतात. त्यामुळे हा प्रसंग पहिल्यांदा वाचताना मला जो आनंद झाला, त्याचे कारण समजायला काही दिवस लागले. आई जिवंत असती तर किती कथा घडल्याच नसत्या! मंतरलेल्या किल्लीचा डाग मात्र नायिकेच्या कपाळावर कायमचा राहतो. सुटका झाली म्हणून घडलेले पुसले जात नाही, आणि या डागाखाली लेखिकेने तात्पर्य लिहिलेले नाही.

ग्रिम बंधूंनी निळी दाढी वगळली, तरी तिची दोन भावंडे त्यांच्या संग्रहात राहिली, आणि ती वाचल्यावर लोककथेविषयीचा आपला समज बदलतो. ‘फिचरचा पक्षी’ या कथेत मांत्रिक किल्लीबरोबर एक अंडे देतो आणि ते सतत जवळ बाळगायला सांगतो. पहिल्या दोन बहिणींचे अंडे रक्तात पडते; तिसरी मात्र अंडे आधी सुरक्षित ठेवते आणि मगच दार उघडते. बहिणींचे तुकडे जुळवून ती त्यांना जिवंत करते, मांत्रिकाच्याच पाठीवरून टोपलीतून घरी पोहोचवते, आणि स्वतः मधात भिजून पिसांत लोळून पक्ष्याच्या रूपात निघून जाते. ‘दरोडेखोर नवरदेव’ या कथेतली मुलगी तर लग्नाच्या पंगतीत सर्वांसमक्ष आपण पाहिलेला खून स्वप्न म्हणून सांगते, आणि शेवटी पुराव्यादाखल अंगठीसकट तुटलेले बोट पुढे ठेवते. गोष्ट सांगणे हेच तिचे शस्त्र आहे. कुतूहलाला शिक्षेऐवजी बक्षीस देणाऱ्या या कथा पेरोंच्या तात्पर्याइतक्या प्रसिद्ध झाल्या नाहीत, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : मी पुरुष वाचक आहे आणि मला या लेखनाचा कंटाळा येऊ लागला आहे. प्रत्येक पुरुष लांडगा, प्रत्येक स्त्री सोशीक किंवा शूर. राजकन्येच्या हाती तलवार दिली की झाले पुनर्कथन! हा जुन्याच साच्याचा उलटा छाप नव्हे का?

उत्तर : आपण ज्या लेखनाचे वर्णन करता ते आहे, पुष्कळ आहे, आणि त्याबद्दल माझेही मत आपल्यासारखेच आहे. तलवार एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तरी प्रश्न तलवारीनेच सुटतो हे गृहीतक जागच्या जागी राहते. पण प्रकाराची पारख त्याच्या उत्तम नमुन्यांवरून करावी, म्हणून कार्टर यांच्याच आणखी दोन-तीन कथा पुढे ठेवतो.

‘द वेअरवुल्फ’ या दोन-तीन पानांच्या कथेत लांडगा म्हणजे आजीच निघते. वाटेत मुलीने लांडग्याचा पंजा तोडलेला असतो, आणि घरी आल्यावर आजीचा हात तुटलेला दिसतो. शेजारी जमतात, म्हातारीला दगडांनी ठेचून मारतात, आणि मुलगी त्याच घरात राहून सुखाने नांदते. येथे कोण सोशीक आणि कोण शूर? गावाने चेटकीण ठरवलेल्या म्हातारीच्या मालमत्तेवर उभे राहिलेले हे सुख वाचकाच्या घशाखाली उतरत नाही, आणि ते उतरू नये अशीच लेखिकेची इच्छा आहे. ‘द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज’मध्ये मुलगी लांडग्याला हसते, घाबरायचे नाकारते आणि शेवटी त्याच्या पंजांमध्ये शांत झोपते. ‘द टायगर्स ब्राइड’ची सुरुवात बाप मुलीला एका पशूशी पत्त्यांच्या जुगारात हरतो इथून होते. द्यूतात पणाला लागलेली स्त्री आपल्याला अपरिचित नाही, त्यामुळे हे पहिलेच वाक्य मराठी वाचकाला वेगळ्या जागी लागते. त्या कथेच्या अखेरीस पशू माणूस होत नाही, मुलीचीच कातडी गळून पडून आतून वाघाची लव प्रकट होते. त्या कथेत खरा व्यवहारी, निर्दय प्राणी बाप आहे. पशू तिला निदान विचारतो तरी.

कार्टर यांच्यावरही आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते घेणाऱ्यांत स्त्रीवादी समीक्षिका आहेत. पॅट्रिशिया डंकर यांनी १९८४ साली असे मांडले, की परीकथेचा साचाच पुरुषसत्तेने घडवलेला असल्यामुळे त्यात राहून लिहिताना स्त्रीची वासनाही पुरुषाच्या कल्पनेतलीच उरते. हा आक्षेप मला गंभीर वाटतो आणि संग्रहातल्या एक-दोन कथांना तो लागूही पडतो. परंतु साचा जर पूर्णपणे पुरुषांनी घडवलेला असता, तर मधात भिजून पक्षी झालेली ती तिसरी बहीण आली कुठून, हा माझा प्रतिप्रश्न आहे.

प्रश्न : हे सगळे १९७० नंतरच्या स्त्रीवादी चळवळीतून आले का?

उत्तर : त्या दशकात त्याला धार आली हे खरे. फ्रेंच विचारवंत सिमोन द बोव्हुआर यांनी १९४९ सालीच, वाट पाहत राहायला शिकवणाऱ्या परीकथांकडे बोट दाखवले होते. १९७० च्या सुमारास अ‍ॅलिसन ल्युरी यांनी परीकथांत बलवान स्त्रिया आहेत असे लिहिले, तर मार्शा लीबरमन यांनी १९७२ साली प्रत्यक्षात मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या कथांत त्या कुठे आहेत असे विचारले. हा वाद अजून मिटलेला नाही. अ‍ॅन सेक्स्टन यांच्या ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’ या कविता १९७१ च्या, आणि सुनीती नामजोशी यांच्या ‘फेमिनिस्ट फेबल्स’मधल्या अगदी छोट्या, टोकदार कथा १९८१ च्या.

तरीही सुरुवात तिथे नाही. ‘परीकथा’ या शब्दाचा फ्रेंच मूळ शब्दप्रयोग रूढ केला तोच एका स्त्रीने. कोवळ्या वयात वयाने खूप मोठ्या सरदाराशी लग्न लावून दिल्या गेलेल्या मादाम दोल्नुआ यांची पहिली परीकथा १६९० ची, म्हणजे पेरोंच्या पुस्तकाच्या आधीची आहे. पॅरिसच्या दिवाणखान्यांत त्या आणि त्यांच्या समकालीन स्त्रिया या कथा रचत आणि सांगत, आणि लग्न हा सौदा असण्याविषयी जे उघड बोलता येत नव्हते, ते पऱ्यांच्या तोंडी घालत. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही कथा १७४० साली मादाम द व्हिलनव यांनी लिहिली, तेव्हा पशू रोज रात्री मुलीला आपल्याबरोबर झोपशील का असे विचारत असे. १७५६ साली मादाम ल प्रँस द बोमाँ यांनी मुलींच्या शिक्षणासाठी ती संक्षिप्त केली, आणि प्रश्न ‘माझ्याशी लग्न करशील का’ असा झाला. आपण सगळे ही दुसरी, दुरुस्त कथा वाचत आलो.

प्रश्न : मी एका मुलाची सावत्र आई आहे. हिमगौरीची गोष्ट त्याला वाचून दाखवताना दर वेळी माझा आवाज अडखळतो. या नव्या लेखिकांनी सावत्र आईला काही न्याय दिला आहे का?

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो, जी कदाचित आपल्याला ठाऊक नसेल. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आईपणाची प्रतिमा डागाळू नये म्हणून सगळे काळे एका वेगळ्या बाईच्या अंगावर ओतले गेले. त्याच संग्रहातल्या हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांच्या आईचेही पुढे असेच झाले. बाळंतपणात स्त्रिया मरत, घरात दुसरी बायको येई आणि तुटपुंज्या वारशासाठी मुलामुलांत तेढ निर्माण होई, हे त्या काळाचे वास्तव होते आणि मरीना वॉर्नर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात त्याकडे लक्ष वेधले आहे. पण त्या वास्तवाचा सगळा दोष एकाच पात्राच्या माथी मारणे हा संपादकीय निर्णय होता.

सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार या समीक्षिकांनी १९७९ साली या कथेविषयी लिहिताना आरशाकडे बोट दाखवले. कथेतला राजा फारसा दिसतच नाही. त्यांच्या मते आरशातून येणारा आवाज त्याचाच आहे, स्त्रीची किंमत ठरवणारा. एकदा हे ऐकले की दोन स्त्रियांमधले वैर वेगळेच दिसू लागते, कारण स्पर्धा त्यांनी लावलेली नसते. सेक्स्टन यांच्या कवितेत राणी तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचून मरते आणि हिमगौरी अधूनमधून आरशाकडे वळू लागते. पुढची राणी तीच होणार. टॅनिथ ली यांच्या १९८३ च्या ‘रेड अ‍ॅज ब्लड’मध्ये तर हिमगौरी रक्तपिपासू आहे आणि सावत्र आई तिच्यापासून राज्य वाचवू पाहते.

आपल्यासाठी मात्र मी एमा डोनह्यू यांचा १९९७ चा ‘किसिंग द विच’ हा संग्रह सुचवेन. त्यातल्या सफरचंदाच्या कथेत मुलगी आणि सावत्र आई वयाने फारशा दूर नाहीत, आणि दोघींमध्ये जवळीक होऊ शकली असती असे वाटत राहते. शेवटी सफरचंदात विष नव्हतेच हे मुलीला कळते आणि ती परत वाड्याकडे निघते. मुलाला हिमगौरी वाचून दाखवताना ‘सावत्र’ हा शब्द गाळून नुसते ‘राणी’ म्हणालात, तर गोष्टीचे काही बिघडत नाही. ग्रिम बंधूंनी शब्द घातला, तसा तो काढण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

प्रश्न : मी सिंड्रेलाची कथा नव्याने लिहिली आहे. सोबत जोडली आहे. तिच्यात सिंड्रेला राजपुत्राला नकार देते आणि स्वतःचा व्यवसाय सुरू करते. मैत्रिणींना आवडली, पण दोन ठिकाणांहून परत आली. काय चुकले?

उत्तर : आपली कथा मन लावून वाचली. भाषा स्वच्छ आहे आणि राखेच्या वासाचे वर्णन मला फार आवडले. अडचण अशी आहे की नकाराचा निर्णय आपण आधी घेतलात आणि कथा त्याच्यामागे चालवलीत. त्यामुळे पहिल्याच पानावर शेवट कळतो, आणि सिंड्रेला आपले मत मांडणारी प्रवक्ती होते. तिच्या तोंडी आजची भाषणे आहेत, ती सगळी काढली तरी कथेचे काहीही उणे होणार नाही.

नवे रूप लिहिण्याआधी जुनी रूपे जितकी मिळतील तितकी वाचावीत. बासिले यांची सिंड्रेला, तिचे नाव झेझोला, कपड्यांच्या पेटीचे झाकण सावत्र आईच्या मानेवर पाडून तिचा जीव घेते. तेही शिकवणीच्या बाईंच्या सल्ल्याने, आणि मग त्याच बाई नवी सावत्र आई होऊन तिला चुलीपाशी बसवतात. हे वाचल्यावर सोशीक सिंड्रेलाला उत्तर देण्याची गरजच संपते. मग कथेत न बोललेली जागा शोधावी, आणि ती बहुधा एखाद्या वस्तूपाशी सापडते. किल्ली, आरसा, अंडे, जोडा. वस्तूपाशी थांबले की मत मांडण्याची घाई कमी होते.

आपल्या कथेत सावत्र बहिणी दोन ओळींत येऊन जातात. ग्रिम बंधूंच्या कथेत मात्र एकीने जोडा पायात बसावा म्हणून अंगठा कापलेला असतो आणि दुसरीने टाच. सुरी आईच देते, आणि देताना म्हणते, की राणी झालीस की तुला पायी चालावे लागणारच नाही. आई हे प्रेमाने म्हणते. मुलगी वेदना गिळते, जोडा चढवते, घोड्यावर राजपुत्राच्या मागे बसते, आणि जोड्यातून रक्त ठिबकते आहे हे कबुतरे ओरडून सांगेपर्यंत राजपुत्राच्या लक्षातही येत नाही. आपली कथा या मुलीला सांगू द्या, आणि सुरुवात स्वयंपाकघरातून करा, आई सुरी पुढे करते आहे तिथून.